शेजारशेजारच्या दोन खुर्च्या

लंडनच्या भावाने आईआबांची तिकिटं काढली, तेव्हा जागा निवडायचं काम माझ्याकडे आलं. सांगलीत घरी बसून मी फोनवर विमानाचा नकाशा उघडला. मोठं विमान, आत चालायला दोन वाटा. मधे चार-चार खुर्च्या आणि खिडक्यांकडे दोन-दोन. त्या दोन-दोन खुर्च्या बघून मला हायसं वाटलं. आबा खिडकीशी, आई वाटेकडे. आईला उठवल्याशिवाय त्यांना बाहेर पडताच येणार नाही.

आबा फौजेतून सुभेदार होऊन आले, मग इस्लामपूरजवळ ऊस केला. अलीकडे विसरायला लागले होते. साताऱ्यात एका लग्नातून उठून गेले आणि आम्हाला सापडले ते एसटी स्टँडवर. कंडक्टरला सांगत होते, "रजा संपली माझी. युनिटात हजर व्हायचंय."

निघायच्या दिवशी मी आणि नवरा आईआबांना मुंबईच्या विमानतळावर सोडून गाडीने परत निघालो. साताऱ्याजवळ चहाला थांबलो आणि फोनवरचा निरोप दिसला. ठरलेलं विमान दुरुस्तीला गेलं होतं, कंपनीने ताफ्यातलं दुसरं लावलं होतं, आणि जागा बदलल्या होत्या. नव्या विमानात खिडकीकडे तीन, मधे चार, परत तीन.

तेवढ्यात आईचाच फोन आला. "आगं, ह्यांची शीट पार म्होरं हाय आन् माझी शेपटाकडं. मला त्यांचं डोस्कंबी दिसंना."

"तिथल्या हवाईसुंदरीला फोन दे."

ती मुलगी हिंदीत गोड बोलली. विमान भरलेलं आहे, वर गेल्यावर बघू, आता फोन बंद करावा लागेल. "त्यांना एकटं सोडू नका, ते विसर..." एवढंच मी म्हणू शकले. फोन बंद झाला.

कंपनीला फोन लावला तर नुसतं संगीत वाजत राहिलं. नवरा म्हणाला, "चल, इथं उभं राहून काय होणारंय?" काहीच होणार नव्हतं. सांगली येईस्तोवर मी फोनवर समुद्रावरून सरकणारं ते इवलंसं विमान बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने पोचल्याचं कळवलं. काय झालं ते मग आईने सांगितलं. पट्टा सोडायची परवानगी मिळताच ती एका वाटेने पुढे निघाली. त्याच वेळी आबा दुसऱ्या वाटेने तिला शोधत मागे आले. ती पुढे पोचली तर खुर्ची रिकामी. दुसऱ्या वाटेने फिरून ती परत आली, तेव्हा अगदी मागे, जेवण गरम करायच्या जागेपाशी आबा ताठ उभे होते. हवाईसुंदरी बसा म्हणत होत्या, ते बसत नव्हते.

आईने दंडाला धरलं. "आवं, मी हाय की."

आबांनी तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "बाई, आमची मंडळी कुठं दिसंना. जरा बघता का?"

एका शिकायला निघालेल्या मुलीने आपली जागा दिली आणि दोघं शेजारी बसली. पण आबा लंडनपर्यंत तिला बाईच म्हणत राहिले. जेवण आलं, तर बायकोचा वाटा बाजूला ठेवायला लावला. "लय चांगल्या हायसा तुमी," ते म्हणाले, "पर ती भित्री हाय, एकटी घाबरंल." आई प्रत्येक वेळी सांगायची, "येतील हं आता."

"मी तरी दुसरं काय म्हणू गं?" तिने मला विचारलं.

भावाच्या घरी दोन दिवसांनी आबांनी तिला ओळखलं. विमानातलं त्यांना काहीच आठवत नाही. आता परतीच्या तिकिटांचं चाललंय. काल आई म्हणाली, "इमानाबिगार दुसरी कुठली वाट न्हाई का गं घरला यायला?"

"नाही गं," मी म्हटलं. मग आबांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.