दोन छटा उजळ

नाट्यशास्त्राच्या पदविकेच्या शेवटी प्रत्येक वर्गाला एक एकांकिका सादर करावी लागते. आमची चाळीस मिनिटांची होती. पात्रं दोनच: घरमालकीण आणि खोली सोडायला तयार नसलेली भाडेकरू. संहिता वर्गानेच लिहिली होती. भूमिका ठरवण्यासाठी सरांनी डोळे मिटून सगळ्यांचं वाचन ऐकलं आणि घरमालकीण मला दिली.

"आवाज काय, तुमच्याकडे असतोच," ते म्हणाले.

‘तुमच्याकडे’ म्हणजे कोणाकडे, हे वर्गात कोणी विचारलं नाही. मी नाशिकरोडच्या बुद्धविहाराशेजारच्या कॉलनीतून येत होते. आडनावावरून ते सगळ्यांना कळलेलंच होतं.

सहा आठवडे गंगापूर रोडवरच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालमी झाल्या. त्या काळात माझ्या दिसण्याचा विषय निघाला नाही. तो प्रयोगाच्या चार दिवस आधी, सभागृहातल्या रंगीत तालमीला निघाला.

रंगभूषेला पंचवटीतले एक काका होते. शहरातल्या हौशी नाटकांतले बरेचसे चेहरे त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, काही न विचारता एक डबी उघडली आणि कपाळापासून सुरुवात केली. आरशात माझं अर्धं कपाळ दुसऱ्याच कोणाचं तरी दिसायला लागलं.

"काका, हा रंग माझा नाही."

"रंगमंचावर कोणाचाच नसतो, बेटा. मी सगळ्यांना दोन छटा उजळच लावतो. हात पुढे कर, हातांनाही लावायचाय."

ते खरं सांगत होते. भाडेकरू झालेल्या मैत्रिणीलाही त्यांनी तीच डबी लावली होती. ती मुळात गोरी होती, त्यामुळे तिच्यात काही फरक पडला नव्हता. मी ओल्या फडक्याने कपाळ पुसलं आणि तशीच रंगमंचावर गेले.

पहिल्या प्रवेशातच सरांनी तालीम थांबवली. "मेकअप कुठाय?"

"नकोय, सर."

"अगं, लाइटमध्ये चेहरा दिसत नाही तुझा. मागच्या रांगेला नुसते दात दिसतील."

दोन-तीन जण हसले. सर पुढे म्हणाले, "मेकअप नको असेल तर अदलाबदल करा. तू भाडेकरू कर. भाडेकरूला काही लावलं नाही तरी चालतं."

"चार दिवसांत माझं पाठ होणार नाही, सर," मैत्रीण म्हणाली. तिने माझी बाजू घेतली की स्वतःची, हे मी तिला नंतरही विचारलं नाही. सरांनी मला ठरवायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत दिली.

चेहरा दिसत नाही, हे विधान तपासता येण्यासारखं होतं. प्रकाशयोजना वर्गातल्याच चांदवडच्या एका मुलीकडे होती. तालीम संपल्यावर मी तिला गाठलं.

"तुझं काय नाय, लाइटचं हे," ती म्हणाली. "समोरून निळा कागद लावलाय अन् मागं चॉकलेटी पडदा. तिथं मी उभी राहिले तरी नाय दिसणार."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं का? संध्याकाळ पाहिजे म्हणून सरांनीच निळा सांगितला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तासभर आधी गेलो. समोरच्या दोन दिव्यांवरचा निळा कागद काढला. चॉकलेटी पडद्यावर तिच्या होस्टेलच्या दोन फिक्या चादरी पिनांनी अडकवल्या. शेवटच्या रांगेतून तिने माझे फोटो काढले. सर आल्यावर मी ते दाखवले.

"फोन सगळ्यांनाच गोरं करतो," ते म्हणाले. आक्षेप योग्य होता. मग मी रंगभूषेला आलेल्या काकांना शेवटच्या रांगेत बसायची विनंती केली. त्यांनी चष्मा लावला. मी रंगमंचाच्या मध्यभागी न बोलता उभी राहिले.

"डावी भुवई उचललीस," काका मागून म्हणाले.

मी ओठ आवळले.

"आता चिडलीस."

मी नजर फिरवली.

"आता सरांकडे बघतेयस. दिसतंय सगळं, सर. चष्मा जुना आहे माझा, तरी दिसतंय."

सरांनी चादरींकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "प्रश्न दिसण्याचा नाहीये. घरमालकीण वाटली पाहिजे. घरंदाज."

इतका वेळ ज्याला तांत्रिक अडचण म्हणत होते, ते हे होतं.

"आमची घरपट्टी आईच्या नावाने येते, सर," मी म्हणाले. "वरच्या खोल्यांत भाडेकरू आहेत. आई माझ्याहून काळी आहे."

"उद्धटपणा करू नकोस."

"माहिती देतेय. भूमिका वाचनावरून मिळाली आहे, मी ती सोडत नाही. काढायची असेल तर कारण लिहून द्या, मी कार्यालयात देईन."

त्यांनी लिहून दिलं नाही. भूमिका काढलीही नाही. "रंगभूषेचे मार्क जातील," एवढं सांगून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि तालीम पुढे सुरू झाली.

प्रयोगाच्या दिवशी काकांनी डबी हातात धरून विचारलं, "पक्कं ना?" मी हो म्हटल्यावर त्यांनी काजळ घातलं, नाकावर घामापुरती पावडर लावली आणि भाडेकरूला हाक मारली.

चाळीस मिनिटांत माझं एक वाक्य चुकलं. ते भाडेकरूने सावरून घेतलं. घराची किल्ली मागण्याच्या प्रवेशात मी बराच वेळ गप्प उभी राहते. तिथे निम्मं सभागृह खोकेल, अशी मला भीती होती. कोणी खोकलं नाही.

आईला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसायला सांगितलं होतं. बाहेर पार्किंगमध्ये तिला पहिला प्रश्न तोच विचारला.

"दिसलीस की. न दिसायला काय झालं?" ती म्हणाली. "पण भाडेकरूला एवढा वेळ उभं का ठेवलंस? मी आधी बसायला सांगते. बसलेल्या माणसाला भांडता येत नाही."

महिनाभराने मूल्यमापनाचे कागद मिळाले. आवाज, हालचाल, पाठांतर यांपुढे बरे आकडे होते. रंगभूषेपुढे शून्य होतं आणि शेऱ्याच्या जागी सरांच्या अक्षरात एक ओळ: सूचनेचे पालन केले नाही.

"फेरतपासणीचा अर्ज देऊ का?" कार्यालयातल्या बाईंनी विचारलं. "शून्य सहसा देत नाहीत. वाढतील."

मी ओळ पुन्हा वाचली. ती खरी होती, तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. अर्ज नको म्हणून सांगितलं, खाली सही केली आणि झेरॉक्स मागून घेतली.