दिलावरचा श्वास

त्या वर्षी आमची फौजेतली कंपनी डोंगरातल्या एका ठाण्यावर होती. मी ट्रान्सपोर्ट प्लाटूनचा हवालदार, गाव शिरूर तालुक्यात. माझ्या हाताखाली नायक दिलावर शेख, दौंड तालुक्यातल्या केडगावचा. भीमेच्या अल्याड-पल्याडची माणसं इतक्या लांब भेटली की भाऊच होतात. तो मला दादा म्हणायचा आणि ऊस दौंडचा गोड की शिरूरचा, यावरून रोज भांडायचा.

गाड्या रात्री चालायच्या, म्हणून ड्रायव्हर दिवसा झोपायचे. सकाळी अकराला खिडक्यांवर कांबळी लागत. दिलावर आडवा झाला की घोरायला लागे. आमच्याकडे घोरणाऱ्याला सुखी समजतात, त्यामुळे सगळे त्याची थट्टा करत. पोरं त्याच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून ठेवत. घोरणं फारच वाढलं की ती ओढायची.

एकदा तापामुळे मी दिवसभर बरॅकमध्येच पडून होतो. त्याचं घोरणं मध्येच तुटलं. वाटलं, चला, सुटलो. पण ती शांतता बरी नव्हती. त्याची छाती धडपडत होती, हवा मात्र आत जात नव्हती. मी घड्याळ पाहिलं. वीस सेकंद. तीस. चाळिसाव्या सेकंदाला त्याने डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांना मी दिसत नव्हतो. मग घशातून बुडत्या माणसासारखा आवाज आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. तासाभरात हे अकरा वेळा घडलं.

शेजारच्या दोघांनी खाटा लांब सरकवल्या. याच्या छातीवर काहीतरी येऊन बसतं, असं ते कुजबुजू लागले. मी त्यांना झापलं. खरं सांगतो, भीती मलाही वाटत होती.

संध्याकाळी मी त्याला एकट्याला गाठलं.

"उठलं की डोकं ठणकतंय," तो म्हणाला. "आन् स्टेअरिंगवर डोळं मिटत्यात."

"उद्या डॉक्टरसाहेबांकडे चल."

"नको दादा. कॅटेगरी लागंल."

कॅटेगरी म्हणजे मेडिकल कॅटेगरी. ती खाली आली की गाडी सुटते, बढती अडकते. त्याची हवालदारी महिन्यावर आली होती.

"कुनाला बोलू नका. तुमाला शपत हाय."

मी बोललो नाही. याला आम्ही दोस्ती म्हणत होतो.

त्यानंतर नवव्या दिवशी कॉन्व्हॉय, म्हणजे आमच्या गाड्यांचा ताफा, परतत होता. मी पहिल्या गाडीत. वेळ ०९४०. लख्ख ऊन, कोरडा रस्ता. रेडिओ खरखरला. मागच्या गाडीतून मला हाक होती.

"टायगर वन, चार नंबर गाडी नीचे गई. ओव्हर."

"ब्रेक लगाया था? ओव्हर," मी विचारलं.

"नहीं. सीधी गई. ओव्हर."

दरीत गेलेल्या त्या गाडीत दिलावर एकटाच होता. वळणावर टायर घासल्याची एक रेघसुद्धा नव्हती.

डॉक्टरसाहेबांना मी तेव्हा सगळं सांगितलं. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, ते म्हणाले. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो. माणूस तासन् तास पडून राहतो, पण त्याची झोप होत नाही. रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि कामावर डोळा लागतो. घशात हवा ढकलणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपला असता तर तो सुधारला असता. काही महिन्यांत कॅटेगरीही पुन्हा वर गेली असती.

सुट्टीत मी केडगावला गेलो. त्याची बायको शबानाभाभी उंबऱ्यात बसली होती.

"घरी आले की मी जागीच ऱ्हायची," ती म्हणाली. "नाकापाशी हात धरून बघायची. श्वास थांबला की हलवायची. तिकडं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई का, दादा?"

"न्हाई, भाभी."

"मंग बरं. कळून कुणी गप ऱ्हायलं असतं, तर मला सोसलं नसतं."

तिने चहा केला. मी तो प्यायलो.

आता मी शिरूरजवळच्या एका कारखान्यात ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावतो. घोरणाऱ्याला आधी तपासणीला धाडतो. पोरं हसतात. हसू देत.

नायक दिलावर शेख गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. भाभी, मी खोटं बोललो. माझ्या ध्यानात आलं होतं.