महादेवाच्या डब्यातली मतं

माझी पहिली गोष्ट वाचकांच्या मतदानात आपटली ती महादेवामुळे. आज हे मी हसून सांगते, पण तेव्हा राग आला होता, आणि तो सुद्धा साधासुधा नाही. मी मुळातच तापट. त्यातून देवाशी भांडण म्हणजे पंचाईतच. दाद मागायची कुणाकडे?

देशातली पहिली निवडणूक होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी पेठ गावची, सातवी पास, लग्न होऊन जुन्नरला आलेली. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई ओट्यावरून बोलल्या की पलीकडच्या आळीत ऐकू जायचं, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही शिल्लकच राहत नसे. मला लिहायचा नाद होता. दुपारी आवराआवर झाली की मी कोपऱ्यात बसून काहीबाही खरडायची. आत्याबाईंना ते बिलकूल पसंत नव्हतं. "काय येवढं लिवती? तलाठी हायेस का?" असं रोज विचारायच्या.

गावातलं वाचनालय दर दिवाळीला हस्तलिखित अंक काढायचं. प्रत एकच. ती महिनाभर घरोघर फिरायची. त्या वर्षी अध्यक्षांनी जाहीर केलं, की अंकातल्या सर्वांत चांगल्या लेखनाला पितळी समई बक्षीस, आणि निवड वाचकांच्या मतानं. आमच्या घरच्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, मला न विचारता माझी एक गोष्ट नेऊन दिली. आत्याबाईंना कळायला किती वेळ लागणार? संध्याकाळी त्यांनी ओट्यावरूनच निकाल दिला, "गावातल्या माणसांनी तुला पयली काढली, तर लिव बापडे, मी आडवी येनार न्हाई. न्हाई काढली, तर हे खूळ बंद. बोल, हाय कबूल?"

मी म्हटलं, कबूल. आळी ऐकत होती, दुसरं काय म्हणणार? पण ती दुपारची घटका गेली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे. सासरी माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

आणि गोष्ट तरी कशावर लिहावी मी! एक बाई कोंबडी घेऊन मोटारीनं आळेफाट्याला बहिणीकडे निघते. कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागतो. बाई म्हणते, ती माझ्या मांडीवर बसली आहे, तुझ्या बाकावर नाही. वाद इतका वाढतो की फाट्यावर मोटार थांबते, उतारू खाली उतरून चहा-भजी खाऊन येतात, तरी वाद चालूच. शेवटी कंटाळून कोंबडी कंडक्टरच्या पिशवीत अंडं घालते. मी बाईचं नाव बदललं, गाव बदललं. आमच्या घरची कोंबडी मात्र बदलली नाही. सगळ्या जुन्नरला ठाऊक होतं की हा प्रकार कुणी केला.

अंक आमच्या आळीत आला तेव्हा समोरच्या ओट्यावर बायका जमल्या आणि एकीनं माझी गोष्ट मोठ्यानं वाचली. आत्याबाई पुढं बसलेल्या. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी दाराआड उभी राहून, आता माझी माहेरी रवानगी, असं धरून चालले होते. वाचून झालं. आत्याबाई उठल्या, लुगडं झटकलं, आणि "भाजी करपती," म्हणून घरात गेल्या.

वाचनालयात मात्र वेगळाच वाद पेटला होता. एकच प्रत, लोक ती ऐकतात, वाचत नाहीत. मग ऐकणाऱ्याला मत आहे का? वाचणाऱ्यांपुरतंच ठेवलं असतं तर मतदान चहा व्हायच्या आत आटोपलं असतं. म्हणून ठरलं, ऐकणारा तोही वाचक. अध्यक्ष निवडणुकीत मतदान केंद्रावर अधिकारी होते, आणि तो रुबाब त्यांच्या अंगातून अजून उतरला नव्हता. त्यांनी सगळं सरकारी थाटात करायचं ठरवलं. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर चिन्ह. तसंच इथं प्रत्येक लेखनाला तेलाचा एक रिकामा डबा, वर झाकणाला फट, आणि डब्यावर चिन्ह. माझं चिन्ह कोंबडी. एका रहस्यकथेचं कंदील. आणि एका धान्याच्या व्यापाऱ्यानं भीमाशंकरच्या यात्रेचं वर्णन लिहिलं होतं, त्याला महादेवाची पिंड.

ते वर्णन म्हणजे! शेठ कुठं बसले, कुठं दम लागला, कुठं दशम्या खाल्ल्या आणि त्या कशा बाधल्या, सगळं तपशीलवार. ते शेवटपर्यंत ऐकलेला माणूस मला आजतागायत भेटला नाही. मी तर निर्धास्त होते.

पण चित्रकलेच्या मास्तरांनी ती पिंड अशी जीव ओतून काढली, की वर नाग, समोर नंदी, बेलाची पानं, काही विचारू नका. आणि वाचनालयाला सुट्टी सोमवारी, म्हणून अध्यक्षांनी मतदान ठेवलं सोमवारी. इथंच माशी शिंकली.

पहिलाच मतदार आला, चपला बाहेर काढल्या, पिंडीच्या डब्याला हात जोडले, चिठ्ठी आत टाकली, आणि पाठ न दाखवता मागं सरत बाहेर गेला. दुसरा तसाच. मग रांगच लागली. अध्यक्ष ओरडून सांगत होते, "मंडळी, आवडलेल्या लेखनाला मत द्यायचंय!" एक म्हातारा म्हणाला, "आवो, पन समोर द्येव असताना कोंबडीला कसं देऊ?" दुपारपर्यंत डब्याला हळदकुंकू लागलं. कुणीतरी नारळ फोडला. अध्यक्षांनी स्वतः खोबरं खाल्लं, म्हणजे तक्रार करायचीही सोय उरली नाही.

नाक्यावरच्या अत्तरवाल्या चाचांनी माझी गोष्ट दुकानात दोनदा वाचून घेतली होती आणि दोन्ही वेळा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले होते. ते तरी माझे, असं मी धरलं होतं. मत टाकून बाहेर आले आणि मला म्हणाले, "भाभी, तुमची गोष्ट एक नंबर. पन सगळं गाव त्या डब्यात टाकतंय, मी एकटा वेगळा कशाला? शेजारधर्म हाय राव!"

डबे उघडले. महादेवाच्या डब्यातून बेलपानं, अक्षता आणि मतांचा ढीग निघाला. माझ्या डब्यात चार. कंदिलाला दोन. बाकीच्यांना एखाददुसरं, नाहीतर तेलाचा वास. पुढं निदान पन्नास जणांनी मला शपथेवर सांगितलं, की त्या चारांतलं एक मत माझंच. त्यात आमच्या घरचेही आले.

शेठ समई घ्यायला पुढं झाले, तर लोकांनी अडवलं. "मतं देवाला पडली शेठ, समई देवाची!" लिहिलं कुणी, असा सवाल शेठनी केला, पण ऐकतो कोण? शेवटी ती जड समई डोक्यावर घेऊन शेठना पुन्हा भीमाशंकरचा डोंगर चढावा लागला. परत येऊन त्यांनी त्यावरही लिहिलं म्हणतात.

मी घरी आले आणि चुलीपुढं बसून रडले. खरंच रडले. चार मतं! आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. खडा काढून टाकत म्हणाल्या, "रडाया काय झालं?"

"मी पहिली नाही आले."

"पयला कोन?"

"महादेव."

"आन् त्याच्यामागं?"

"मी. चार मतं."

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "मग मी काय बोलले व्हते? माणसांनी पयली काढली तर. द्येव काय माणसांत धरत्यात व्हय? माणसांत पयली तूच की, येडे!"

मी पदरानं डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"महादेवाला," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "सोमवार धरते मी, तुला कसं देऊ? पन चिठ्ठी टाकताना डोळं तुझ्या डब्याकडं व्हतं. कुनी टाकतंय का न्हाई ते बघत व्हते."