सातपूरच्या भुताची ओटी

मनालीचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. जन्म मुलाच्या देहात, म्हणून घरच्यांनी मुलगा म्हणूनच वाढवलं. ती साडी नेसायला लागल्यापासून आईनेसुद्धा तिला कधी हळदीकुंकू लावलं नाही.

दर रविवारी सातपूरच्या एका बंद वर्कशॉपमध्ये ती आम्हा मोजक्या मित्रांपुढे नाचते. पायाचं कॅलिपर काढून ठेवते, केस मोकळे सोडते आणि दोन्ही हातांवर सरपटत अशी नाचते की जीव थाऱ्यावर राहत नाही.

कुणा रिकामटेकड्याने शटरच्या फटीतून व्हिडिओ काढला. ‘सातपूरची सरपटणारी बाई’ म्हणून तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. काहींना तर तिचे पाय उलटे दिसले. मी भडकलो. म्हटलं, आता सांगूनच टाकू, हे भूत नाही, मनाली आहे. तीही तयार झाली.

पुढच्या रविवारी गेलो, तर शटरपुढे खण, नारळ, हिरव्या बांगड्या. भूत शांत व्हावं म्हणून कामगारांच्या बायकांनी त्याची ओटी भरली होती. मनाली कुबडी टाकून खालीच बसली. बांगड्या चढवल्या, नारळ पदरात घेतला.

“मग, सांगायचं ना?” मी विचारलं.

“थांब जरा,” ती म्हणाली. “मी जिवंत आहे हे कळल्यावर माझी ओटी कोण भरेल?”