फुईच्या आवाजातला माझा टोमणा

आमच्या घरात हळदीला विहिणीला गाण्यातून टोमणा मारायचा रिवाज आहे, आणि त्यात म्हसावदची माझी आत्या, म्हणजे आमची फुई, पटाईत. टोमणा मारून झाला की ती स्वतः उठायची आणि विहिणीच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. मग राग कसला धरणार?

गेल्या हिवाळ्यात कळसाडीला दिलेल्या तिच्या नातीच्या हळदीला नेमका फुईचा घसा बसला. घरातला विनोदी माणूस मीच, हा माझा समज पन्नाशीतही गेलेला नाही. मोबाइलमध्ये फुईचे जुने व्हॉइस मेसेज होते, एक फोटो होता. एआयच्या अ‍ॅपला ते दिले आणि शब्द मी रचले: कळसाडीच्या विहिणीची भाकरी गाईनेसुद्धा हुंगून सोडली. फोटोतली फुई हुबेहूब गायली. खाली 'कृत्रिम' अशी पट्टी येत होती. ती फुईच्या हनुवटीवर चढत होती, म्हणून मी कापली. मग व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

तिथून कुणीतरी तो इंटरनेटवर चढवला. दोन दिवसांत तो कळसाडीला पोचला. गूळ काही पोचला नाही.

लग्न पार पडलं. पण लेकी ज्या सणाला माहेरी येऊन झोका खेळतात ती आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली तरी विहिणीचा निरोप एकच: सुनेला माहेरी पाठवणार नाही. गाणं आपण गायलंच नाही, हे विहिणीला पटवायचं म्हणून फुई म्हणाली, "सरकारी शिक्का पायजे. मंग याहीन मानी." घरात अर्ज भरण्यात मीच हुशार, म्हणून ठाण्यावर तिला मीच नेलं.

हवालदाराने शांतपणे समजावलं. यंत्राने बनवलेल्या व्हिडिओवर तशी खूण लागते, ती काढायला मनाई आहे. "तक्रार दिली की उतरवतील, आजी. पण बनवला कुणी ते सांगितलं तर तुमच्या विहिणीलाही पटेल. कुणावर संशय?"

मी कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होतो.

"माले नही माहीत," फुई म्हणाली.

अनोळखी इसमाविरुद्ध तक्रार लिहिली गेली, माझ्याच सुवाच्य अक्षरात. येताना मोटरसायकलवर मागून फुई एवढंच बोलली, "यमक नही जुळनं, तव्हयच समजनं माले."

व्हिडिओ उतरला. पण असल्या अनोळखी इसमावर विहिणीचा काही विश्वास बसला नाही.

आखाजीच्या दिवशी फुईने नातीसाठी सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "पोरले दी ये." कळसाडीच्या ओट्यावर मी विहिणीला एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने डबा घेतला, पण सुनेला पाठवायला तयार झाली नाही.

"हाई तव्हय का बरं नही सांगं? आते आखाजी सरनी. येता साल पाठाडसू."

नात दारात उभी होती. "काका, झोका बांधेल शे का घर?"

"बांधेल शे," मी म्हणालो.

फुईने यंदा तो बांधलाच नव्हता.