जुडगेकाकांची किल्ली

आमच्या इमारतीत कुणाचं दार मागे धाडकन लागलं आणि किल्ली आत राहिली, की कपाळाला हात लावून तळमजल्यावर जायचं. तिथे काका राहतात. ते कुणाचेच सख्खे काका नाहीत, पण प्रत्येक घराची एक जादा किल्ली त्यांच्याकडे असते. म्हणून पाठीमागे ते जुडगेकाका आणि तोंडावर नुसते काका.

जन्मभर गोदाम सांभाळलेला माणूस. जुडग्यातून किल्ली निसटू नये म्हणून त्यांनी कड्याचं तोंड चक्क वेल्डिंग करून घेतलं होतं. नवा भाडेकरू आला की कडं कापायचं, त्याची किल्ली ओवायची, पुन्हा वेल्डिंग. त्यांच्या म्हाताऱ्या गाडीची किल्लीही त्यातच. गाडी चालवताना तो जुडगा त्यांच्या गुडघ्याशी खुळखुळत असायचा.

काकू गेल्यापासून या किल्ल्यांनीच त्यांचं घर जागतं ठेवलं होतं. किल्ली मागायला आलेला माणूस नुसता किल्ली घेऊन जात नाही. तो बसतो, चहा घेतो, सासूची तक्रार सांगतो.

गाडीचं कुलूप बरेच दिवस रुसलेलं होतं. स्टिअरिंग जरा डावीकडे दाबून, लाडीगोडी लावून किल्ली फिरवली तरच गाडी सुरू व्हायची. एका सकाळी मात्र किल्ली कुलपात अडकली. फिरेना, निघेना. आणि नेमकं त्याच सकाळी माझं दार लागलं. मी शिवणकाम करते. गळ्यात टेप, पायात काही नाही, कोट न्यायला आलेली गिऱ्हाईक बाई सोबत आणि कोट आत.

आम्ही गाडीपाशी गेलो. माझी किल्ली डोळ्यांसमोर लोंबत होती, पण कड्यातून सुटेल तर शपथ.

"दुसऱ्यांच्या किल्ल्या सांभाळतात म्हणे," बाई म्हणाली. "स्वतःचं एक कुलूप सांभाळता येत नाही."

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्या बाईचा कोट उसवावा असं मला मनापासून वाटलं.

कुलूपवाला आला. आधी त्याने कडं कापलं, मग जुडगा हातात तोलून पाहिला. "काका, रोज एवढं ओझं लटकवलंत, कुलूप आतून झिजलं. नवीन बसवतो. पण यापुढे चावी एकटी. हे लेंढार लावायचं नाही."

कोट देऊन मी परत आले तर काका कापडी पिशवी घेऊन जिना चढत होते.

"ज्याच्या त्याच्या किल्ल्या देऊन टाकतो," ते म्हणाले. "माझ्या हातून कुलूप बिघडलं. तुला अनवाणी उभं राहावं लागलं."

"अहो, गाडीची किल्ली वेगळी केली की झालं. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

ऐकतील तर ते काका कसले. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या हातात त्यांनी किल्ली ठेवली. नर्सबाईंनी ती परत पिशवीत टाकली.

"ही मी घरात ठेवली तर ती आत आणि मी बाहेर. मग उपयोग काय?"

काका पुढच्या दाराकडे वळले, तेवढ्यात खालून धाडकन आवाज आला. तो आवाज कुठल्या दाराचा हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी पिशवी चाचपली, मग जिन्यावरच उपडी केली. सगळ्या इमारतीच्या किल्ल्या होत्या. त्यांची तेवढी आत टेबलावर.

"माझी जादा किल्ली कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

कुणाकडेच नव्हती. इतक्या वर्षांत ती मागायचं आमच्यापैकी एकाला सुचलं नव्हतं, आणि याची मला खरंच लाज वाटली. मग नर्सबाईंना हसू फुटलं, मला फुटलं, आणि काका तर डोळे पुसत पायरीवर बसले. कुलूपवाल्याने पातळ पट्टी घालून दार उघडून दिलं. सकाळपासून आठ्या घालून बसलेला तो माणूसही हसत होता.

जुडगा आता काकांच्या कमरेला असतो. गाडी एका हाकेत सुरू होते. आणि त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्या शिलाई मशीनच्या खणात असते.

काका हल्ली फार विसराळू झालेत. दोन-चार दिवसांनी वर येतात. "दार लागलं गं," म्हणतात, बसतात, चहा घेतात, कुलूपवाल्याची तक्रार सांगतात. परवा उठताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांच्या घराची किल्ली खाली पडली. मी दुसरीकडे पाहत राहिले आणि खणातली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.