मरणाच्या घरी छबूबाई

कळस गावात कुणाचा नवरा गेला की तिरडीचे बांबू यायच्या आधी छबूबाई त्या घरी पोचायची. वहाणा उंबऱ्याबाहेर काढायची, रडणाऱ्या बायकांतून वाट काढत थेट त्या बाईपाशी जाऊन बसायची आणि तिची दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरून ठेवायची. माणसं स्मशानातनं परत येईपर्यंत ती पकड सुटत नसे. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला कुणी पुढं सरकलंच, तर ती नुसती त्याच्याकडे बघायची. त्या बघण्याला भल्याभल्या म्हाताऱ्या टरकून होत्या.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, तेव्हा ती पोरसवदा होती आणि लेक विशाल पाळण्यात. माणूस गेलाय हे तिच्या नीट ध्यानात यायच्या आतच चुलतसासवांनी तिचे हात दगडावर धरून बांगड्या फोडल्या. काचा मनगटात रुतल्या. तो संताप तिच्या डोक्यातून कधी उतरला नाही. आणि का उतरावा हो? असल्या गोष्टी विसरा म्हणणाऱ्याच्या हातात कधी बांगड्या नसतात.

जयवंताच्या वेळी तर कहर झाला. जयवंता छबूबाईच्याच आळीतली, लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती. तिची सासू धोंडाबाई लेकाच्या मढ्याशेजारी दगड घेऊनच उभी राहिली. छबूबाई जागची हलली नाही. शेवटी धोंडाबाईनं तो दगड तिच्याच हातावर हाणला. छबूबाईचं बोट मोडलं, पण जयवंताच्या बांगड्या शाबूत राहिल्या. त्यानंतर गाव जरा वरमलं. पुढं ग्रामसभेत ही प्रथा बंद केल्याचा ठरावही झाला, टाळ्याबिळ्या झाल्या. ठराव काय, हात वर केला की होतो. मरणाच्या घरात जाऊन बसायला मात्र छबूबाईच लागायची.

यंदा बारामतीतल्या एका संस्थेनं, बायकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांना देतात तो पुरस्कार छबूबाईला जाहीर केला. संस्थेच्या राजेश्वरीताई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. विशालनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. सून प्रगतीनं सासूसाठी नवं लुगडं आणलं. “काय ही थेरं,” म्हणून छबूबाईनं तोंड वाकडं केलं, पण आतून बाई हरखली होती.

आणि त्याच आठवड्यात विशाल गेला. वालचंदनगरहून कामावरून येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. दुपारी त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून दारात आणलं.

छबूबाई नेहमीप्रमाणं सुनेपाशी बसली. तिची मनगटंही धरली. मग तिची नजर प्रगतीच्या कपाळावर गेली. कुंकू तसंच होतं, सकाळी लावलेलं, लालभडक. समोर पोराचा चेहरा काळानिळा पडलेला. माझा पोरगा गेला आणि हिचं सगळं जिथल्या तिथं, असं काहीतरी तिच्या डोक्यात भणाणलं. तिनं पदरानं सुनेचं कुंकू खसाखसा पुसून काढलं आणि बांगड्यांना हात घातला. एक बांगडी कडकन फुटली. प्रगती सासूकडे बघतच राहिली.

सगळ्या बायका दगडासारख्या बसून होत्या. छबूबाईला अडवायचं कुणी? तेवढ्यात जयवंता उठली. तिनं प्रगतीला मागं ओढलं, स्वतः मधे बसली आणि छबूबाईचे दोन्ही हात घट्ट धरले.

“न्हाय आक्का,” ती म्हणाली. “कुणाचंबी ऐकायचं न्हाय, असं तुमीच सांगितलं हुतं. आज तुमचंबी ऐकायची न्हाय मी.”

त्या दिवसापासून छबूबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पोरासाठी रडायचा आपला हक्कच गेला, असं तिनं मनाशी धरलं होतं. सासू-सून एका घरात राहायच्या, पण बोलणं भाकरी वाढण्यापुरतं. पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी द्या, असं तिनं राजेश्वरीताईंना कळवून टाकलं. सुनेपुढं उभं राहायची लाज वाटत होती, तर भरल्या सभेपुढं ती कुठल्या तोंडानं जाणार?

हे प्रगतीच्या कानावर आलं. ती शेतातून तशीच, खुरपं हातात घेऊन, सासूपुढं येऊन उभी राहिली.

“तुमी जायचं,” ती म्हणाली. “न्हाय गेला तर गाव म्हणंल, छबूबाईलाच सोताच्या घरात जमलं न्हाय. पुढच्या बाईच्या बांगड्या फोडायला तेवढं निमित्त पुरं हाय. मी येते संगं.”

समारंभाच्या दिवशी बारामतीचं सभागृह गच्च भरलं होतं. निवेदक छबूबाईच्या धाडसाबद्दल बोलत होता आणि इकडे शरमेनं तिच्या अंगाची लाही होत होती. सन्मानचिन्ह हातात आल्यावर तिनं ते टेबलावर ठेवलं आणि माईक मागून घेतला. स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं, जयवंताचं सांगितलं. मग तिनं खाली बघितलं. पहिल्या रांगेत प्रगती मान खाली घालून बसली होती.

“माज्या लेकाच्या मढ्यापाशी मी माज्या सुनंचं कुकू पुसलं,” छबूबाई म्हणाली. “बांगडीबी फोडली. माजा हात असा कवा उठंल, हे मला सपनातबी वाटलं नव्हतं. पर उठला. तवा मरणाच्या घरात एकटी जाऊ नका. दोघी-तिघी जा. अन् माज्यासारखी शहाणी बाई पुढं आली, तर तिचाबी हात धरा. मला जयवंतानं धरला म्हणून वाचले.”

मग मागून टाळ्या सुरू झाल्या. छबूबाई तोवर पायऱ्या उतरून खाली आली होती.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. वाटेतलं कन्हेरी गाव मागं पडलं.

“मी तुमाला माफ केलं, असं समजू नका,” प्रगती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“न्हाय समजत.”

“पर रडत का न्हाय तुमी? तुमचा पोरगा हुता त्यो.”

छबूबाईनं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका आवरला नाही. विशालचं नाव घेत ती गाडीभर माणसांत मोठ्यानं रडली. प्रगतीलाही मग रडू फुटलं. तिकिटाला आलेल्या कंडक्टरनं दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता तो पुढच्या सीटकडे गेला.